मधली जागा

मास्टरांना माणूस आधी खांद्यांपासून दिसायचा. चेहरा, नाव, हुद्दा हे सगळं नंतर. कुणी दुकानाची पायरी चढलं की त्याचा कुठला खांदा उतरलाय, पोट कुठून सुरू होतंय आणि पाकीट कुठल्या खिशात ठेवायची सवय आहे, हे टेप हातात घ्यायच्या आधीच त्यांच्या डोक्यात नोंदलं जायचं. गिऱ्हाईक बिचारं हवापाण्याच्या गप्पा मारत असायचं आणि मास्टर मान डोलावत त्याच्या पाठीचं पोक मोजत असायचे. सुटांचं कटिंग करण्यात त्यांची उमेदीची वर्षं गेली होती. मुलगी लग्न होऊन दूर गेली, दुकानाच्या वरच्या दोन खोल्यांत नवरा-बायको दोघंच उरली, आणि आता उरलेल्या दिवसांचं करायचं काय, असा प्रश्न पडायच्या आतच मास्टरांनी गाडी घेतली.

गाडी म्हणजे आजकालच्या साबणाच्या वड्यांसारखी नव्हे. मास्टर पाळण्यात होते तेव्हा कारखान्यातून बाहेर पडलेली. फुगीर मडगार्डांची, गोल दिव्यांची, गडद हिरवी. पुढची सीट बाकासारखी सलग आणि गिअरचा दांडा स्टिअरिंगलाच जोडलेला, त्यामुळे पुढे तिघं आरामात बसतील अशी. लहानपणी असलीच एक गाडी त्यांच्या गल्लीतून जायची आणि ती वळणावर दिसेनाशी होईपर्यंत ते हातातला खेळ विसरून उभे राहायचे. ते वेड इतकी वर्षं दबा धरून बसलं होतं.

"पांढरा हत्ती आणून बांधलात दारात," मास्टरीणबाई म्हणाल्या.

"हिरवा आहे."

"हिरवा तर हिरवा. खायचं तेवढं खाणारच. त्यापेक्षा ती गादी बदलली असती तर बरं झालं असतं."

गादीची तक्रार जुनी होती. पलंगावरच्या त्यांच्या कापसाच्या गादीला मधोमध एक खड्डा पडला होता. कुणी कुठल्याही कडेला आडवं झालं तरी पहाटेपर्यंत दोघंही घरंगळत त्या खड्ड्यात यायची आणि एकमेकांवर आदळायची. उन्हाळ्यात त्यावरून भांडण जुंपायचं. "एवढा मोठा पलंग, पण माझ्या वाट्याला वीतभर जागा," असं बाई म्हणायच्या. त्यावर मास्टर म्हणायचे, "अगं, मी अख्खा आलोय ना तुझ्या वाट्याला." गादी बदलायचं दरवर्षी ठरायचं आणि दरवर्षी राहून जायचं.

गाडी विकणाऱ्या बाई वयस्कर होत्या, एकट्याच राहायच्या. यजमान गेल्यापासून त्यांच्या घरामागच्या शेडमध्ये गाडी चादर पांघरून उभी होती. व्यवहारात त्यांनी जराही ताणून धरलं नाही. किल्ली मात्र शेडच्या बाहेर उभं राहूनच दिली, हात होईल तितका लांब करून.

"एक करा," त्या म्हणाल्या. "पुढची सीट नवी करून घ्या."

"नवीच करणार. मी शिंपी आहे, माझं घरचं काम ते."

"नुसतं कव्हर नाही म्हणत मी. सीट."

"हो हो. अगदी नवी करतो."

बाईंनी त्यांच्याकडे जरा वेळ पाहिलं. मग मान हलवून त्या आत गेल्या आणि दाराला कडी लागल्याचा आवाज आला.

जुनी गाडी पाळणं म्हणजे काय असतं, हे मास्टरांना पुढच्या काही महिन्यांत कळलं. एक पाइप बदलावा तर शेजारचा रुसतो. ब्रेकचं एवढंसं रबर शोधायला तीन गावच्या भंगारवाल्यांशी ओळख करून घ्यावी लागते. गॅरेजवाला मिस्त्री इंजिनाला पेचकस टेकवून त्याचं दुसरं टोक कानाला लावायचा, म्हणून सगळे त्याला डॉक्टर म्हणत. तो प्रत्येक वेळी कान लावून झाल्यावर आजारी माणसाच्या नातेवाइकाकडे बघावं तसा मास्टरांकडे बघायचा. मास्टरांच्या दोन चांगल्या पँटींना ऑइलचे डाग पडले. गिऱ्हाइकांचे सूट लांबणीवर पडले. एकदा भर चौकात गाडी बंद पडली आणि मास्टरांनाच ती ढकलावी लागली. मागे थांबलेल्या बसमधल्या लोकांनी त्यांना मनापासून शुभेच्छा दिल्या.

पण या सगळ्याच्या मोबदल्यात जे मिळायचं तेही काही कमी नव्हतं. सकाळी चोक ओढून किल्ली फिरवली की इंजिन आधी खोकायचं, मग घसा साफ करायचं आणि मग असं एका लयीत घुमायला लागायचं की मास्टरांच्या छातीत काहीतरी मोकळं व्हायचं. सिग्नलला अनोळखी माणसं काच खाली करून हसायची. म्हातारे जवळ येऊन बॉनेटवर हात ठेवायचे आणि निघून जायचे.

सीटचं काम त्यांनी सर्वांत शेवटी घेतलं. ती बाहेर काढून कटिंगच्या टेबलावर ठेवली, वरचा दिवा लावला आणि सवयीप्रमाणे आधी नुसतं बघत उभे राहिले. स्टिअरिंगच्या बाजूला खोल खळगा होता. अंगानं भारी, रुंद कमरेचा माणूस, आणि एका अंगावर कललेला. कल आतल्या बाजूला. त्या अंगाचा खांदा उतरलेला असणार. पाठीच्या वरच्या कडेवरचं पाइपिंग, म्हणजे दोरा भरलेली गोट, झिजून आतला दोरा दिसत होता, आणि तो झिजलेला पट्टा हाताएवढा लांब होता. म्हणजे हा माणूस एका हातानं गाडी चालवायचा आणि दुसरा हात सीटच्या पाठीवर पसरून ठेवायचा.

मास्टरांनी बायकोला हाक मारली. "बघ, किती प्रेमळ असेल. बायकोच्या खांद्यावर हात टाकून गाडी चालवायचा."

मास्टरीणबाईंनी चष्मा लावून सीट नीट पाहिली. मधला भाग कोरा होता, त्याचा रंगसुद्धा उडाला नव्हता. दुसरा खळगा पार पलीकडे होता, दाराच्या बाजूच्या अगदी कडेवर. अरुंद, उथळ, जवळजवळ सीटवरून खाली उतरलेला. त्या दाराला धरायला चामड्याचा पट्टा होता. तो बोटांच्या जागी झिजून सुतळीएवढा झाला होता.

"मग ही एवढी दाराला का चिकटली होती?" त्यांनी विचारलं.

"वाऱ्याला बसायची असेल."

"असेल," बाई म्हणाल्या आणि वर निघून गेल्या.

आता इथे मास्टरांनी जे केलं ते फक्त शिंपीच करू जाणे. सीट भरणारा कारागीर जुनं सगळं ओरबाडून काढतो आणि नवं चौकोनी भरून मोकळा होतो. पण शिंप्याकडे लोक नवा कपडा शिवायला टाकताना जुना, अंगाला नीट बसलेला कपडा मापाला आणून देतात, आणि मास्टर त्या मापाच्या कपड्याला फार जपायचे. माणसानं वापरून वापरून कापडाला जे वळण दिलेलं असतं ते टेपनं कधीच सापडत नाही, असं त्यांचं म्हणणं होतं. त्यात जुन्या गाड्यांचे शौकीन भेटले की एकच शब्द तोंडात घोळवायचे, ओरिजिनल. मास्टरांनी आतला काथ्या आणि स्प्रिंगा तशाच ठेवल्या. जुनं कव्हर हलक्या हातानं उसवलं, ब्राउन पेपरवर पसरलं, खळग्यांच्या घड्यांसकट त्याचा खाका काढला आणि त्यावरून नवं कव्हर असं बेतलं की एक सुरकुती पडू नये. तो खाका भिंतीवरच्या खिळ्याला लागला, त्यांच्या स्वतःच्या कोटाच्या खाक्याशेजारी. गाडी विकणाऱ्या बाईंना दिलेला शब्द आठवला तेव्हा त्यांनी स्वतःची समजूत घातली की कापड तर नवंच आहे.

पहिल्या रविवारी दोघं गावाबाहेरच्या तळ्याकडे निघाली. मास्टरीणबाई दार उघडून आत शिरल्या आणि सरकत सरकत मध्ये, मास्टरांच्या अगदी शेजारी येऊन बसल्या. रस्ता झाडीतून जात होता. त्यांच्या केसांचा वास आणि पेट्रोलचा वास एकात एक मिसळला होता. लग्नाच्या सुरुवातीला सायकलवरून फिरताना वाटायचं तसं मास्टरांना वाटलं, आणि त्यांनी ते बोलूनही दाखवलं. "सायकलला ब्रेक होते तरी," बाई म्हणाल्या, पण त्यांनी डोकं त्यांच्या खांद्याला टेकवलं. आजवर गाडीपायी जे काही गेलं ते सगळं त्या क्षणी मास्टरांना वसूल झाल्यासारखं वाटलं.

असे बरेच रविवार गेले. मग कधीतरी बाई म्हणाल्या, "अहो, मी घसरते हो इथे. तुमचं कापड फार गुळगुळीत आहे."

मास्टरांनी सीटवर हात फिरवला. कापड खरखरीत होतं.

पुढच्या खेपेला त्या मध्ये बसल्या, पण तळ्यापर्यंत पोचेतो त्यांच्यात आणि मास्टरांत वितीचं अंतर पडलं होतं. त्याच्या पुढच्या खेपेला आणखी. मग एक दिवस त्या चढल्या आणि दाराशीच बसल्या. "इथून बाहेरचं छान दिसतं," त्या म्हणाल्या. मास्टरांना राग आला नाही, थोडं वाईट वाटलं.

मुलीच्या घरच्या एका समारंभासाठी त्यांनी आपला ठेवणीतला कोट काढला. कोट अंगात घातला आणि आरशात पाहून थबकले. त्यांच्याच हातचा कोट, पण एका अंगाला लोंबत होता. एक खांदा उतरला होता, त्या बाजूची बाही आखूड वाटत होती. वय झालं, ते मनाशी म्हणाले. खाली येऊन त्यांनी भिंतीवरचा आपल्या कोटाचा खाका काढला आणि अंगाला लावून पाहिला. तो कुणा दुसऱ्याचा वाटत होता. शेजारच्या खिळ्यावरचा सीटच्या पाठीचा खाका तेवढा अंगाजवळ धरायचा राहिला होता. त्यांनी तो धरला नाही. दिवा मालवून ते वर गेले.

घरात सगळं पूर्वीसारखं होतं. बाई पूर्वीसारख्याच टोमणे मारायच्या, हसायच्या, त्यांच्या ताटातलं उचलून खायच्या. बदलायचं ते फक्त गाडीत.

एका रविवारी रस्त्यात त्या गप्प बसल्या होत्या. मास्टरांनी विचारलं, "काय झालं?"

"काही नाही. वर केली ना खिडकी."

"खिडकीचं कोण बोललं?"

बाईंनी त्यांच्याकडे पाहिलं. "तुम्हीच. आत्ता. मागच्या वेळीही असेच ओरडलात. 'किती वेळा सांगायचं' म्हणून."

मास्टर बायकोवर कधी ओरडले नव्हते. शेजारपाजारी त्यावरून त्यांची थट्टा व्हायची. आपण काय बोललो ते आठवायचा त्यांनी फार प्रयत्न केला, पण त्यांना फक्त इंजिनाचा आवाज आठवत होता. मग त्यांच्या लक्षात आलं की आपला एक हात सीटच्या पाठीवर पसरलेला आहे, आणि बोटं बाईंच्या मानेपर्यंत पोचली आहेत. त्यांनी हात काढून घेतला. त्याखालचं नवं पाइपिंग झिजून दोरा बाहेर आला होता.

त्यांना भीती वाटली ती तेव्हा. भुताखेताची नव्हे, असल्या गोष्टींवर त्यांचा विश्वास नव्हता. आपल्याला न विचारता आपल्या बायकोशी कुणीतरी बोलतंय, याची.

घरी परतायच्या ऐवजी त्यांनी गाडी सरळ त्या वयस्कर बाईंच्या घराकडे घेतली. बाई दारात आल्या. त्यांनी मास्टरांकडे पाहिलं नाही. त्यांची नजर काचेतून आत गेली, दाराला खेटून बसलेल्या मास्टरीणबाईंवर थांबली.

"तुम्ही उतरा," त्या म्हणाल्या. "आत या. पाणी घ्या."

मास्टरीणबाई उतरल्या. दोघी आत गेल्या. मास्टर गाडीपाशीच उभे राहिले, बॉनेट गार होईपर्यंत. कुणी त्यांना आत बोलावलं नाही आणि त्यांनाही जावंसं वाटलं नाही.

परतताना मास्टरीणबाई मागच्या सीटवर बसल्या.

"काय म्हणाल्या?" मास्टरांनी आरशात पाहून विचारलं.

"त्यांच्या यजमानांनी गाडी घेतली ना, तेव्हाच ती सीट तशी होती म्हणे. आधीच्या कुणाची तरी. ओरिजिनल म्हणून त्यांनीही ठेवली." त्यांनी खिडकीची काच खाली केली. "माझे यजमान तसे नव्हते, म्हणाल्या. मीही आधी मध्येच बसायचे, म्हणाल्या."

"अगं, पण मधला भाग तर कोरा होता."

"तेच विचारलं मी. त्या नुसत्या हसल्या."

मास्टरांनी त्याच दुपारी सीट काढली. आता कसलं ओरिजिनल नि कसलं काय. काथ्या उपसून फेकून दिला, स्प्रिंगा कापल्या, नव्या फोमचा सरळ चौकोनी ठोकळा आणला. कोऱ्या ब्राउन पेपरवर पट्टी ठेवून सरळ रेघा मारल्या. सरळ रेघ मारायला शिंप्याला विचार करावा लागत नाही. त्यांनी कापड पसरलं, खडूची रेघ ओढली आणि कात्री चालवली.

तुकडे जोडून कव्हर चढवलं तेव्हा ते बसलं नाही. मध्ये फुगत होतं, दोन्हीकडे चोळामोळा होत होता. त्यांनी ते उसवून जुन्या खाक्यावर ठेवलं.

कडेला कड जुळली. घडीला घडी.

त्यांनी पुन्हा कापलं. या वेळी रेघेवरून नजर हलू दिली नाही. कात्री रेघेवरूनच चालली होती, हे ते शपथेवर सांगू शकले असते.

पुन्हा तेच.

तिसऱ्यांदा कापायला त्यांनी कात्री उचलली नाही. ते टेबलाशी बसून राहिले. गाडीच्या किल्ल्या समोर होत्या. लहानपणी गल्लीच्या वळणावर नजरेआड होणारी ती हिरवी गाडी त्यांना आठवली आणि त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. बायकोपुढे गाडी काहीच नव्हती, याबद्दल त्यांना क्षणभरही शंका नव्हती. तरी वाईट वाटायचं ते वाटलंच.

शेवटी तेच कव्हर ओढूनताणून फोमवर चढवून त्यांनी सीट गाडीत बसवली, आणि डॉक्टरनं गिऱ्हाईक आणलं. नुकतंच लग्न झालेलं जोडपं होतं. नवरा गाडीभोवती फिरताना पाळण्यातल्या पोराकडे बघावं तसा हसत होता. बायको आत शिरली आणि सरकून मध्ये जाऊन बसली.

"एक करा," मास्टर म्हणाले. "पुढची सीट नवी करून घ्या."

"ही नवीच दिसतेय की."

"कापड नवं आहे. माप जुनं आहे."

"ओरिजिनल माप?" तो खूश झाला. "मग राहू दे ना."

मास्टरांना त्याला हाताला धरून थांबवायचं होतं, पण सांगणार काय? कात्री ऐकत नाही म्हणून? गाडी घसा साफ करून निघाली आणि वळणावर दिसेनाशी झाली. मास्टर बराच वेळ उभे होते. मग त्यांनी दुकानात येऊन दोन्ही खाके खिळ्यावरून काढले, सीटचा आणि स्वतःचा, आणि फाडून टाकले.

खांदा मात्र तसाच राहिला. कोटात तेवढ्यापुरतं जास्तीचं कॅनव्हास भरून त्यांनी वेळ भागवली.

मग कितीतरी दिवसांनी एका रविवारी दोघं घरातच होती. उन्हं खोलीत आली होती. घरातलं एरवी कधी न करणारे मास्टर त्या दिवशी खुशीत होते. बाई मुलीशी फोनवर बोलत होत्या, तर आपणच चादरी बदलून त्यांना चकित करावं असं त्यांच्या मनात आलं. त्यांनी पलंगावरची चादर ओढून काढली. तिच्या खालची जाड गोधडी काढली.

आणि सवयीप्रमाणे नुसतं बघत उभे राहिले.

मधला खड्डा नव्हता. मध्ये गादी सपाट होती, उसवून नवा कापूस भरल्यासारखी. त्यांच्या बाजूला खोल खळगा होता, आतल्या अंगाला कललेला. दुसरा खळगा पार पलीकडे होता, अगदी कडेवर. अरुंद, उथळ, जवळजवळ खाली उतरलेला.

"अगं," त्यांनी हाक मारली. "गादी कधी बदललीस?"

"कुठली बदलतेय," बाहेरून आवाज आला. "तुम्ही बदलू द्याल तर ना."

मास्टर वाकले. उशाकडच्या फळीवरचं पॉलिश उडालं होतं. तो उडालेला पट्टा हाताएवढा लांब होता.

फिटिंग बघितल्याशिवाय माप आपलं नाही म्हणायचं नाही, हा त्यांचा धंद्यातला नियम. ते त्या खळग्यात आडवे झाले. कुठे ओढ बसली नाही, कुठे सैल राहिलं नाही. उतरलेला खांदा बरोबर त्याच्या जागी गेला. हात आपसूक वर गेला आणि फळीवर, त्या पट्ट्यावर, पसरला.

मास्टरीणबाई फोन ठेवून दारात आल्या. हातात धुतलेली चादर होती.

"अगंबाई, आज सूर्य कुठे उगवला?"

"ये, बस जरा," मास्टर म्हणाले आणि दुसऱ्या हातानं मधली जागा थोपटली.

"बसते की." त्या आत आल्या, पलंगाला वळसा घालून पलीकडच्या कडेला गेल्या आणि तिथे टेकल्या. त्या मुलीबद्दल सांगू लागल्या, ती सुट्टीला येणार होती, तेव्हा खोलीला नवे पडदे करायचे का, की जुनेच धुऊन टाकायचे. बोलता बोलता त्या नेहमीसारख्या हसल्या. त्यांच्या एका हातानं पलंगाची कड धरली होती, आणि बोटांची पेरं पांढरी पडली होती.